वाचनालयाचा सर्व्हर : उबुंटू १८.०४ ते २२.०४, प्रकल्प नोंदी

३ मे २०२५, शनिवार

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयाचा सर्व्हर अजून उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १८.०४ या आवृत्तीवर आहे. तो आधी २०.०४ वर आणि तिथून २२.०४ वर न्यायचा आहे. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांमध्ये मधली पायरी गाळता येत नाही, म्हणून दोन टप्पे. १८.०४ चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, मे २०२३ मध्येच संपला. २०.०४ चाही याच महिन्याच्या शेवटी संपतोय, त्यामुळे तिथं फक्त थांबा घ्यायचा, मुक्काम नाही.

इतकी वर्षं निभावलं, कारण मशीन वाचनालयाच्या आतल्या नेटवर्कपुरतंच होतं. आता सभासदांना घरून पुस्तकांची तालिका पाहता यावी, असा ठराव कार्यकारिणीनं केलाय. ठराव अगदी योग्य आहे. मे महिन्याच्या दुपारी मानेवाड्याहून महालात यायचं आणि हवं ते पुस्तक बाहेर गेलंय हे काउंटरवर कळायचं, हे म्हाताऱ्या वाचकांनी का सोसावं? पण सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं मशीन इंटरनेटवर उघडं ठेवायला माझी तयारी नाही, हे मी कार्यवाहांना लेखी कळवलं. म्हणून अपग्रेड आधी, ऑनलाइन तालिका नंतर.

मशीनवर देवघेवीची प्रणाली आहे. ती पायथनमध्ये लिहिलेली, माहिती पोस्टग्रेस १० या डेटाबेसमध्ये. पूर्वी आमच्याच अभ्यासिकेत बसणाऱ्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्यानं ती लिहून दिली आणि काम नेटकं केलंय. काउंटरवर दोन संगणक, एक बारकोड स्कॅनर आणि पावतीचा प्रिंटर. सगळं नव्यानं बसवायचाही विचार केला होता. पण दुसरं मशीन नाही, प्रिंटरच्या सेटिंगची कुठंच नोंद नाही, आणि सुट्ट्यांमुळे काउंटर फार दिवस बंद ठेवता येत नाही. आहे त्याच जागी अपग्रेड करायचं ठरलं.

बॅकअप दोन तऱ्हांचे घेतले. क्लोनझिलानं अख्ख्या डिस्कची प्रत, आणि पीजी-डंपनं फक्त डेटाबेसचा डंप. डंप माझ्या लॅपटॉपवर उघडून सभासद, पुस्तकं आणि देवघेव या तिन्ही तक्त्यांतल्या ओळी मोजून ताडून पाहिल्या. जुळल्या. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप मानत नाही.

४ मे, रविवार

सकाळी काउंटर बंद केला, अभ्यासिका सुरू ठेवली. एमपीएससीची पोरं सकाळी सातपासून जागा धरून बसतात, त्यांना उठवायचं कारण नव्हतं.

बूटचं विभाजन, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा भाग, या मशीनवर वेगळं आणि लहान आहे. जुन्या कर्नलांनी (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ते गच्च भरलं होतं. चालू ४.१५ आणि त्याच्या आधीचा एक, एवढे ठेवून बाकीचे काढले. मग अपग्रेड सुरू केलं, दुरून नाही, मशीनसमोर बसून. अपग्रेडरनं शिरस्त्याप्रमाणे सॉफ्टवेअरची बाहेरची भांडारं बंद केली, पॅकेजांच्या यादीत १८.०४ च्या जागी २०.०४ घातलं आणि डाउनलोडला लागला.

दुपारी एकपर्यंत डाउनलोड संपलं. नंतर पॅकेजं उघडून फायली जागेवर टाकण्याचा टप्पाही पार पडला. मग एकेक पॅकेज बसवणं सुरू झालं. या टप्प्यात मशीनला धक्का लागू नये, एवढीच काळजी होती.

अडीचच्या सुमाराला लाईन गेली. पंखे थांबले, कूलर थांबला. यूपीएसनं शिट्टी वाजवली आणि मिनिटभरात मान टाकली. वीस मिनिटं चालेल असं गृहीत धरलेला यूपीएस होता तो. दिवा तर सकाळपासून हिरवाच होता.

लाईन आली तेव्हा चार वाजून गेले होते. मशीन सुरू केलं. पडद्यावर मजकूर धावला आणि शेवटची ओळ अडकून राहिली : कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०).

ग्रंथपाल मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "सगळं गेलं का हो?" मी म्हटलं, नाही. हा संदेश डिस्क गेल्याचा नाही, कर्नलला डिस्कपर्यंत पोचता येत नसल्याचा आहे. त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. मशीन बंद केलं. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून अशा वेळी काही मिळत नाही, असलेलं मात्र बिघडू शकतं. काउंटरला उद्या साप्ताहिक सुट्टी आहे. यूपीएसशिवाय आज पुढे जायचं नाही.

५ मे, सोमवार

आधी यूपीएस उघडला. आतली बारा व्होल्टची बॅटरी दोन्ही कुशींना फुगलेली. भार नसताना मीटर १२.८ दाखवतो, साधा बल्ब लावला की भर्रकन दहाच्या खाली. म्हणून दिवा हिरवा राहिला आणि वेळेला बॅटरी पाठ फिरवून मोकळी झाली. लेड-ॲसिड बॅटरीला उष्णता मानवत नाही. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आमची सर्व्हरची खोली गच्चीखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे. नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत अशी बॅटरी म्हातारी होणारच. सीताबर्डीहून नवी आणली, लावली, आणि सर्व्हर जोडायच्या आधी शंभर वॉटचा बल्ब लावून किती टिकते ते घड्याळावर पाहिलं. टिकली.

आता पॅनिक. कारण कागदावर मांडून पाहिलं तर साधं होतं. नवा ५.४ कर्नल बूटमध्ये उतरला होता. ग्रबचं, म्हणजे सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामचं, पॅकेजही बसून झालं होतं आणि त्यानं मेनूत सगळ्यात वर नवा कर्नल घातला होता. पण त्या कर्नलसाठीची इनिटरॅमएफएस, म्हणजे सुरुवातीला मेमरीत उघडणारी आणि डिस्कचे ड्रायव्हर पुरवणारी लहानशी फाइलप्रणाली, तयार व्हायची राहून गेली. ते काम अपग्रेडमध्ये अगदी शेवटाकडे होतं. कर्नल जागा झाला, पण त्याच्या हाती किल्लीच नव्हती.

ग्रबच्या मेनूत "ॲडव्हान्स्ड" खाली जुना ४.१५ होताच. तो निवडला. मशीन उठलं. डिस्कची दुरुस्ती जर्नलमधून आपोआप झाली, डिस्कच्या स्वतःच्या स्मार्ट तपासणीत एकही खराब सेक्टर नाही. अर्धवट पॅकेजांची यादी डीपीकेजी या पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामच्या ऑडिटनं काढली. लांबलचक होती. मग क्रमानं : डीपीकेजीला राहिलेली सगळी पॅकेजं बसवायला सांगितलं, पॅकेजं आणून देणाऱ्या ॲप्टकडून तुटलेली अवलंबनं दुरुस्त करवली, आणि पुन्हा डीपीकेजी, काही शिल्लक नाही असं म्हणेपर्यंत. मध्ये दोन-तीन ठिकाणी त्यानं विचारलं, सेटिंगची फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ? पोस्टग्रेस आणि प्रिंटरसाठी जुनी ठेवली, बाकीच्या नव्या घेतल्या आणि कुठं काय केलं ते वहीत लिहिलं.

शेवटी सगळ्या कर्नलांसाठी इनिटरॅमएफएस नव्यानं बनवली, बूटमध्ये ती फाइल खरंच आली आणि पूर्ण आकाराची आहे हे डोळ्यांनी पाहिलं, ग्रबचा मेनू पुन्हा लिहवला. रीस्टार्ट. ५.४ कर्नल, २०.०४, लॉगिन.

पोस्टग्रेस १० सुद्धा उठला. लाईन गेली त्या क्षणापर्यंतच्या नोंदी त्यानं आपल्या लॉगमधून परत लावून घेतल्या. अपग्रेडमध्ये त्याच्या शेजारी पोस्टग्रेस १२ चं रिकामं क्लस्टर, म्हणजे डेटाबेसचं स्वतंत्र घर, वेगळ्या पोर्टवर तयार झालंय, उबुंटूत नेहमी असंच होतं. जुन्या क्लस्टरला अपग्रेडर स्वतःहून हात लावत नाही. त्याचं स्थलांतर सवडीनं करू.

६ मे, मंगळवार

देवघेवीची प्रणाली उठेना. १८.०४ वर पायथन ३.६ होता, २०.०४ वर ३.८. प्रणालीचं आभासी वातावरण, म्हणजे तिच्यापुरती वेगळी ठेवलेली पायथनची मांडणी, ३.६ च्या फोल्डरमध्ये आपली लायब्ररी शोधतं आणि तो पायथन आता मशीनवर नाही. वातावरण टाकून नवं बांधलं. लेखकानं आवृत्त्यांसह यादी ठेवली होती, त्याचे आभार. दुपारी काउंटर सुरू झाला. सकाळची देवघेव कागदी चिठ्ठ्यांवर घेतली होती, ती मॅडमनी संध्याकाळी चढवली.

८ मे, गुरुवार

काउंटरवरच्या मुलाचा फोन. "दादा, काही कार्डं लागूनच नाही राहिले. स्कॅनर खराब झाला का?"

स्कॅनरची काच पुसायला सांगितली, दुसऱ्या संगणकाला जोडून पाहायला सांगितलं. फरक नाही. काही कार्डं पहिल्या झटक्यात लागतात, काही कितीही वेळा धरली तरी "असा सभासद नाही". क्रमांक कळफलकावर टाइप केला तरी तेच उत्तर. म्हणजे स्कॅनर निर्दोष आहे.

९ मे, शुक्रवार

स्वतः जाऊन बसलो.

सभासद क्रमांक ३-११२. कार्ड खरं, फोटो खरा, बाई समोर उभ्या. क्रमांक टाकला : असा सभासद नाही. सगळ्या सभासदांची यादी उघडली आणि खाली सरकत गेलो, तर ३-११२ तिथं आहे, नावासकट, पत्त्यासकट. नावातला मधला तुकडा टाकून शोधलं तरी सापडतो. फक्त अचूक क्रमांक टाकला की नाही.

हा विरोधाभास हाती लागला आणि पाणी कुठं मुरतंय त्याची दिशा मिळाली. यादी दाखवताना आणि नावाचा मधला तुकडा शोधताना डेटाबेस अख्खा तक्ता पहिल्या ओळीपासून वाचतो. अचूक क्रमांक शोधताना मात्र तो इंडेक्समधून, म्हणजे क्रमानं लावलेल्या सूचीतून, जातो. म्हणजे तक्ता शाबूत आहे आणि इंडेक्स चुकीचं सांगतोय.

दुपारी याहून गंभीर गोष्ट समोर आली. बुधवारी एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांचं कार्ड लागलं नाही. मुलानं भल्या हेतूनं त्यांच्याच जुन्या क्रमांकावर त्यांची नव्यानं नोंदणी केली आणि नियमाप्रमाणे अनामत घेतली. आज ते मला म्हणाले, "मी इथला कितीतरी वर्षांचा सभासद आहे. मला नवीन कसं काय करून राहिले तुम्ही?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण दुखावले गेले होते. त्यांना जुनी अनामत पावती घरून आणावी लागली, हे बरोबर झालं नाही.

तांत्रिक बाजूनं पाहिलं तर हे घडूच नये. सभासद क्रमांक एकमेव असला पाहिजे, असं बंधन डेटाबेसमध्येच आहे. पण ते बंधन इंडेक्सच्या आधारावर उभं असतं. इंडेक्सला जुनी नोंद दिसली नाही, त्यानं दुसरी घेऊ दिली.

काउंटर तत्काळ बंद केला. देवघेव पुन्हा चिठ्ठ्यांवर. मॅडमनी "का?" असं विचारलं नाही, लगेच कपाटातून चिठ्ठ्यांचे गठ्ठे काढले.

१० मे, शनिवार

कार्यवाहांचं आणि सगळ्यांचंच मत : लाईन गेली त्यात डेटाबेस खराब झाला. पहिला संशय माझाही तोच. पण पटत नव्हतं. वीज गेल्यावर सावरण्यासाठीच पोस्टग्रेसचा लॉग असतो, आणि तो नीट लागल्याची नोंद आहे. डिस्क स्वच्छ आहे. आणि वीज गेल्यानं बिघडायचं तर पुस्तकांचंही बिघडलं असतं. पुस्तकांचा दाखल क्रमांक टाकला की दरवेळी बिनचूक सापडतो. देवघेवीच्या नोंदीही सापडतात.

पोस्टग्रेसबरोबर ॲमचेक नावाचं एक्सटेन्शन येतं. इंडेक्समधल्या नोंदी खरोखर लावल्याच क्रमानं आहेत का, ते तपासणं हे त्याचं काम. एकेक इंडेक्स त्याच्या पुढ्यात ठेवला. दाखल क्रमांक : ठीक. देवघेवीच्या नोंदींचा अंतर्गत क्रमांक : ठीक. तारखा : ठीक. सभासद क्रमांक : क्रम मोडलेला. सभासदाचं नाव : क्रम मोडलेला. पुस्तकाचं नाव : क्रम मोडलेला.

दाखल क्रमांक आमच्याकडे निव्वळ आकडा म्हणून साठवलाय. सभासद क्रमांकात मध्ये आडवी रेघ आहे, म्हणून तो मजकूर म्हणून साठवलाय. आकडे आणि तारखा शाबूत, मजकूर तेवढा बिघडला. वीज अशी निवड करत नाही.

११ मे, रविवार

कारण सापडलं.

मजकुराचा अकारविल्हे क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही. आमच्यासारख्या मांडणीत तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या सी लायब्ररीला, म्हणजे जीलिबसीला, विचारतो : या दोन शब्दांत आधी कोण? १८.०४ मध्ये जीलिबसी २.२७ आहे, २०.०४ मध्ये २.३१. मधल्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, क्रमवारीची सगळी माहिती नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे बदलली गेली. जुन्या नियमात आडवी रेघ, टिंब, मोकळी जागा यांच्याकडे पहिल्या फेरीत दुर्लक्ष व्हायचं. नव्या नियमात होत नाही.

तपासायला दोन ओळी पुरतात. १-१ आणि ११. जुन्या १८.०४ वर, इंग्रजी युटीएफ-८ च्या लोकेलमध्ये, म्हणजे भाषेच्या सेटिंगमध्ये, सॉर्ट या क्रम लावणाऱ्या आज्ञेला दिल्या तर आधी ११ येतो आणि मग १-१. आता सर्व्हरवर त्याच दोन ओळी दिल्या : आधी १-१, मग ११. लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून १८.०४ चालवला आणि दोन्ही पडदे मॅडमच्या शेजारी ठेवले.

त्यांना समजावताना त्यांच्याच कपाटाचा आधार घेतला. जुन्या तालिका कपाटात कार्डं एका क्रमानं लावलेली आहेत. रात्रीतून नियम बदलला, कार्डं मात्र तिथंच राहिली. सकाळी आलेला माणूस नव्या नियमानं खण उघडतो, तिथं कार्ड दिसत नाही, आणि पुस्तकच नाही असं सांगून परत जातो. काही कार्डं दोन्ही नियमांत एकाच खणात पडतात, ती सापडतात. मॅडम म्हणाल्या, "मग कपाट पूर्ण लावून काढायचं ना नव्यानं." अगदी तेच करायचं आहे.

आमच्याकडे हे इतकं ठळक झालं ते सभासद क्रमांकांमुळे. जुन्या सभासदांचे क्रमांक साधे आहेत, ११२ असे. नंतर अनामतीचे वर्ग आले आणि ३-११२, १-१२ असे क्रमांक सुरू झाले. जुन्या नियमात १-१२ हा ११२ च्या शेजारी बसायचा, नव्यात तो कुठल्याकुठं जातो. आणि मराठी नावांत आद्याक्षरांची टिंबं आणि मोकळ्या जागा तर ठायी ठायी असतात.

एक गोष्ट पक्की करायची होती. ३ तारखेची डिस्कची प्रत व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडली आणि तिथं तेच अपग्रेड सलग, कुठंही न तुटता, शेवटपर्यंत चालवलं. काहीही लाल झालं नाही. शेवटी "यशस्वी" असा संदेश. मग ॲमचेक : तेच इंडेक्स, तसेच मोडलेले.

म्हणजे ४ तारखेला लाईन गेली नसती तरी हे झालं असतं. पॅनिक सगळ्यांना दिसला, त्यानं एक सुट्टीचा दिवस घेतला. खरं नुकसान अपग्रेड पूर्ण झाल्यामुळे झालं आणि त्याबद्दल मशीन एक शब्द बोललं नाही. कार्यवाहांना हे सविस्तर लिहून पाठवलं, कारण नवी बॅटरी लावली म्हणजे प्रश्न मिटला, अशी त्यांची समजूत राहायला नको.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते सकाळपासून भरलेले, पण महालात शांत. काउंटरला सुट्टी, म्हणून आजच दुरुस्ती.

नुसता रीइंडेक्स करून, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधून, चालणार नव्हतं, आधी दुहेरी नोंदी काढाव्या लागतात. एकाच क्रमांकाच्या दोन ओळी असल्या तर एकमेव इंडेक्स बनत नाही, पोस्टग्रेस अडून बसतो. आणि दुहेरी नोंदी शोधताना बिघडलेल्या इंडेक्सचा आधार घेतला तर त्या दिसणारच नाहीत. म्हणून त्या सत्रापुरतं इंडेक्स वापरणं बंद केलं, इंडेक्स स्कॅन, बिटमॅप स्कॅन, फक्त-इंडेक्स स्कॅन तिन्ही, आणि अख्खा तक्ता वाचून एकाहून जास्त वेळा आलेले क्रमांक काढले. सात निघाले. मॅडमनी प्रत्येकाचा मूळ अर्ज फायलीतून काढून ताडला. माणूस एकच असल्याची खात्री कागदावरून झाल्याशिवाय एकही नोंद जोडायची नाही, हा त्यांचा आग्रह होता आणि तो बरोबर होता. सातही त्या-त्या जुन्याच सभासदांच्या निघाल्या.

देवघेवीचा तक्ता सभासदाला अंतर्गत आकड्यानं ओळखतो, त्यामुळे काम सोपं झालं. नव्या नोंदीवर गेलेली पुस्तकं जुन्या नोंदीकडे वळवली, घेतलेली अनामत वेगळ्या यादीत लिहिली, नवी नोंद काढली. सगळं एकाच व्यवहारात, शेवटी मोजणी जुळल्यावरच कायम केलं.

मग स्थलांतर. १२ चं रिकामं क्लस्टर काढून टाकलं आणि पीजी-अपग्रेडक्लस्टरनं १० ची माहिती १२ मध्ये नेली. ही आज्ञा मूळ पद्धतीत डंप काढून नव्यानं भरते, त्यामुळे सगळे इंडेक्स आजच्या नियमानं पहिल्यापासून बांधले जातात. वेगाच्या मोहानं फायली जशाच्या तशा जोडायची पद्धत वापरली असती तर मोडके इंडेक्सही सोबत आले असते.

ॲमचेक : सगळे ठीक. ३-११२ टाकला, सापडला. दुहेरी क्रमांक मुद्दाम घालून पाहिला, त्यानं नाकारला. १० चं क्लस्टर बंद करून ठेवलंय, महिनाभर काढायचं नाही.

१३ मे, मंगळवार

काउंटर सुरू. चिठ्ठ्या चढवल्या. सात जणांना मॅडमनी स्वतः फोन केले. दुसऱ्यांदा घेतलेली अनामत परत केली, त्यावर दिलगिरीचं पत्रही दिलं. गुरुजींनी पत्र नीट घडी करून खिशात ठेवलं आणि दोन पुस्तकं घेऊन गेले.

२५ मे, रविवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस, सुरू. सर्व्हर गच्चीखालच्या खोलीतून तळमजल्यावर, ग्रंथपालांच्या खोलीमागच्या कोनाड्यात हलवला. यूपीएसही तिथंच. कूलरचा झोत त्याच्याकडे येणार नाही असा ठेवलाय, ओली हवा मशीनला चांगली नाही.

दुसऱ्या टप्प्याची रंगीत तालीम व्हर्च्युअल मशीनवर केली : २०.०४ ते २२.०४. पोस्टग्रेस १२ चा १४, जीलिबसी २.३१ ची २.३५, पायथन ३.८ चा ३.१०. प्रणाली पहिल्याच ओळीला थांबली. कलेक्शन्स मॉड्यूलमधली काही जुनी नावं पायथन ३.१० मध्ये काढून टाकली आहेत आणि कोडमध्ये दोन ठिकाणी तीच वापरली होती. ती बदलली, बदल ३.८ वरही चालतो हे पाहिलं. काउंटरवर कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं.

कामाचा क्रम लिहून भिंतीवर लावला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी अट : अपग्रेडच्या आधी प्रणाली बंद करून तिचं आपोआप सुरू होणंही बंद करायचं, आणि डेटाबेसचं स्थलांतर होऊन ॲमचेक स्वच्छ येईपर्यंत ती कुणीही सुरू करायची नाही. मशीन उठलं म्हणून काउंटर उघडायचा नाही.

१ जून, रविवार

२२.०४ वर आलो. सकाळी यूपीएस भाराखाली तपासला, डंप घेतला, उघडून मोजला, प्रणाली बंद केली. मधे एकदा लाईन गेली, दहा मिनिटांत आली. यूपीएसनं निभावून नेलं. रीस्टार्टच्या आधी नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस बूटमध्ये आहे हे पाहिलं. मग १२ वरून १४, पुन्हा डंप-भरण पद्धतीनंच. १-१ आणि ११ ची चाचणी केली. २०.०४ सारखाच क्रम आला, तरी इंडेक्स नवे बांधूनच घेतले.

ॲमचेक स्वच्छ. पावतीचा प्रिंटर चालू. मॅडमनी वेगवेगळ्या वर्गांतली कार्डं आणून एकेक लावून पाहिली, तेव्हाच काउंटर उघडायला होकार दिला.

३ जून, मंगळवार

२२.०४ चा आधार २०२७ पर्यंत आहे, पण तोवर थांबायचं नाही, पुढच्या उन्हाळ्याच्या आधी २४.०४ चा विचार करायचा असं कार्यवाहांशी ठरलं. त्यात पोस्टग्रेस १६ आहे. डेटाबेस कोणत्या क्रमवारीच्या आवृत्तीवर तयार झाला, ते पोस्टग्रेस १५ पासून नोंदवलं जातं आणि ती बदलली तर जोडणी करतानाच इशारा मिळतो. आमच्या १४ मध्ये अख्ख्या डेटाबेससाठी ती सोय नाही, म्हणून दर अपडेटनंतर जीलिबसीची आवृत्ती हातानं वहीत लिहायची. वही काउंटरच्या खणात आहे, ३ मे पासूनच्या सगळ्या आवृत्त्या तीत उतरवल्या.

ऑनलाइन तालिकेसाठी फक्त वाचण्यापुरता अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता तयार केला. त्याला पुस्तकांचा तक्ता दिसतो, सभासदांचा दिसत नाही. उद्या राउटरचं काम.